ड्यूटी रात्रीची, पोट दिवसाचं

इंदूरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. महिन्यात आठ-दहा नाइट असतात. रात्री दोनला डबा खाते, सकाळी पोट फुगलेलं आणि आंबट ढेकर. काय बदलू?

ताई, डब्यात खोट नाही, वेळेत आहे. शरीराचं घड्याळ ड्यूटीच्या तक्त्याबरोबर फिरत नाही. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, साखर पचवायची ताकदही कमी पडते. पोळी-भाजीचं जेवण निघण्याआधी घरीच उरकून घ्या. रात्री भूक लागली तर दहीभात, फुटाणे नाहीतर एखादं केळं पुरे.

माझ्या इंटर्नशिपमध्ये अ‍ॅप्रनच्या खिशात बिस्किटांचा पुडा असायचा. पहाटे चारला हातात नुसता चुरा यायचा, तेच जेवण. त्या दिवसांची जळजळ अजून आठवते, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. सकाळी परतताना पोहे जरूर खा. शेव चिमूटभर, जिलबी कधीतरी. खाल्ल्या खाल्ल्या आडवं व्हावंच लागलं, तर उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपा.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. लेक्चरच्या घाईत सकाळी शौचाला जाणं राहतं, मग तीन-तीन दिवस होत नाही. इसबगोलची सवय लागेल का?

नाही लागत. तो नुसता तंतू आहे, आपल्या माळव्यातल्या नीमचच्या मंडीत पोत्यांनी येतो. मात्र एका चमच्याला भरलेला ग्लास पाणी हवंच, नाहीतर तो आतच घट्ट बसतो.

पण खरं औषध तू फिजिऑलॉजीत शिकला आहेस. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, आणि सकाळी ही हालचाल सगळ्यात जोरात असते. तीच वेळ तू रोज दाबून टाकतोस. वारंवार दाबलं की गुदाशय हाक मारणंच सोडतो. वीस मिनिटं आधी ऊठ, गरम काहीतरी खा, फोन खोलीत ठेवून शांत बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू लागतात. मेसच्या ब्रेड-बटाट्यावर ते भरत नाहीत. पेरू, काकडी, भिजवलेले हरभरे खोलीत आणून ठेव.

रेसिडेंट डॉक्टर आहे. दीड वर्ष रोज पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेतोय. सगळेच घेतात. चालेल?

'सगळेच घेतात' याचीच मला काळजी वाटते. रुग्णाला ही गोळी किती दिवस ते आपण लिहून देतो. तुमची कोणी लिहून दिली? ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. सकाळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलात तर तिचा पुरता उपयोग होत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम थांबवू नका, आम्ल उसळतं. रिकाम्या पोटी वेदनाशामक घेता का, तेही आठवून पाहा. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर दोन आठवडे आधी ही गोळी बंद ठेवावी लागते. हे सगळं केसपेपर काढून, रुग्ण म्हणून ओपीडीत बसून करा.

मुलगी इंटर्न आहे. रात्री मैत्रिणींबरोबर सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाते. बंद करू?

बंद नका करू. दिवसभर वॉर्डात राबून आलेल्या पोरीला तेवढा तास हवा असतो. घरून थोडं खाऊन जाऊ दे, म्हणजे गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट दोघींत पुरेल. मात्र वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, चेहरा फिका पडला असेल किंवा पोटदुखीनं झोपेतून जाग येत असेल, तर थांबू नका. ती 'काही नाही गं आई' म्हणेल. तरी घेऊन या.