रोज एक क्वार्टर होते. ॲडमिट न होता ऑनलाइन सीबीटीने दारू सुटेल का?

तुम्ही लिहिलंय : वय ४१, हिंजवडीत नोकरी, रोज रात्री एक क्वार्टर, ॲडमिट व्हायचं नाही. गटारी झाली की दारू एकदम बंद करून ऑनलाइन सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यासाठी बोलून केलेला मानसोपचार) सुरू करायची, असा बेत आहे. बेतातली सीबीटी ठीक आहे. ‘एकदम बंद’ आधी डॉक्टरांना विचारून.

सीबीटी सवयीवर काम करते, शरीराला लागलेल्या दारूवर नाही. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास-भ्रम सुरू झाले तर ते जिवावर बेतू शकतं. सकाळी हात थरथरतात आणि घोटभर घेतली की थांबतात, असं होतं का? मागच्या श्रावणात पहिले तीन-चार दिवस कसे गेले? यातलं काही खटकत असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. पुण्यात सरकारी ससून रुग्णालयाची ओपीडी आहे, खासगी डॉक्टर आहेत. उतरत्या मात्रेच्या गोळ्या आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन बऱ्याच जणांचं घरीच निभावतं. पूर्वी फिट आलेली असेल तर मात्र ॲडमिट व्हा, तिथे हट्ट नको.

आता हिशोब. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के म्हणजे साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक युनिट धरलं तर सहा युनिट, रोज. ‘आता फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली चार युनिटची असते. दोन झाल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात.

ऑनलाइन उपचार दुय्यम असतात, हा समज सोडून द्या. स्टॉकहोममध्ये ३०१ जणांवर झालेल्या चाचणीत पाच भागांची इंटरनेटवरची सीबीटी पिणं कमी करण्यात समोरासमोरच्या सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. पण नुसतं ॲप उघडून व्हिडिओ बघणारे बहुतेक जण मध्येच सोडतात. तुमची नोंद वाचून उत्तर देणारा माणूस पलीकडे हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी विचारा, आणि ‘दोन सेशनच्या मधे गृहपाठ काय देता?’ हेही विचारा. उत्तर गोलमाल आलं तर दुसरा शोधा. आठवड्याला एक, ४५-५० मिनिटांचं, अशी ८ ते १२ सेशन्स धरून चाला.

खरं काम त्या गृहपाठात होतं. पहिले दोन आठवडे फक्त नोंद : किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, पिण्याआधी काय वाटत होतं, मनात नेमकं कुठलं वाक्य आलं, किती मिली, सकाळी कसं होतं. नोंद पहिला घोट घेण्याआधी करायची, मिली आणि सकाळ नंतर भरायची. अख्खा आठवडा रविवारी बसून लिहिला की रकान्यात आठवणी नाहीत, अंदाज भरले जातात, आणि अंदाज नेहमी कमीच असतो.

दोन आठवड्यांत साखळी दिसायला लागते. समजा, दुपारचं जेवण चुकलं, सातला निघालात, वाकडच्या पुलाखाली चाळीस मिनिटं अडकलात, ‘बसायचं का?’ असा मेसेज आला, आणि वाइन शॉपच्या शेजारच्याच एटीएममधून पैसे काढावेसे वाटले. माणूस शेवटच्या कडीशी झगडत बसतो. सोपी कडी पहिली असते : पाच वाजता पोटभर खाणं, खिशात रोकड न ठेवणं, रस्ता बदलणं. एटीएमसारखे ‘सहज’ घेतलेले निर्णय थेरपिस्टला मुद्दाम सांगा, त्यांच्यातच सगळं लपलेलं असतं.

तलफ आली की दर पाच मिनिटांनी तिला ० ते १० गुण द्या. काही न करता थांबलं तर ती बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत चढून उतरते. हे स्वतःच्या आकड्यांत पाहिल्यावरच पटतं.

मग येतात वाक्यं. ‘श्रावण कडक पाळतो, म्हणजे मी व्यसनी नाही.’ हे पुण्यात फार ऐकू येतं. यावर वाद घालत बसायचं नाही, पुरावा मांडायचा. महिना संपताना किती दिवस मोजत होतात? श्रावण संपल्यावर पहिल्या दिवशी किती घेतली? उत्तरं त्याच वहीत लिहा.

नकाराचा सराव कॅमेऱ्यासमोर मोठ्याने करा. ‘अँटिबायोटिक चालू आहे’ ही सबब पाच दिवसांत संपते. ‘मी घेत नाही, माझ्यासाठी सोडा सांग’ एवढंच म्हणा, कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो.

ऑनलाइनची एक खोट आहे : पडद्यातून वास येत नाही. पिऊन सेशनला बसणं सहज खपतं आणि तो तास वाया जातो. म्हणून वेळ सकाळची घ्या. घरात आडोसा नसेल तर पार्क केलेली गाडी आणि इअरफोन पुरतात.

पत्नीला कुणीतरी जेवणात गुपचूप घालायचं औषध सुचवलंय, असंही तुम्ही लिहिलंय. ते त्यांना आजच थांबवायला सांगा. अशा औषधात डायसल्फिराम (दारूबरोबर गेलं की त्रास देणारं औषध) असू शकतं. ते न सांगता दिलं आणि वर दारू पडली तर रक्तदाब कोसळू शकतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत. ती उघडपणे, लिव्हरची तपासणी करून, डॉक्टरांकडूनच घ्यायची.

स्लिप होईल असं धरूनच चाला. धोका पहिल्या पेगपेक्षा ‘आता गेलंच सगळं, मग खंबाच आणू’ या विचारात जास्त असतो. त्या दिवसासाठी कागद आत्ताच लिहून पाकिटात ठेवा : उरलेली ओतून देणे, कुणाला फोन करायचा त्याचं नाव, रात्री उशीर झाला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं), आणि सकाळी वहीत तीच नोंद, सगळे रकाने भरून.