लोटस एलानचं एवढं कौतुक का होतं, आणि आज घ्यायची तर काय तपासावं?

इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकातली एलान, म्हणजे लोटस कंपनीची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, घ्यायचा विचार आहे, आणि जेमतेम १०५ अश्वशक्तीच्या या गाडीचं साठ वर्षांनंतरही एवढं नाव का, असं तुम्ही विचारलंय.

कारण तिच्या वजनात आहे. गाडी साधारण ६८० किलोची. एवढी हलकी असल्यामुळेच स्प्रिंग मऊ ठेवता आल्या, टायर अरुंद चालले आणि पॉवर स्टिअरिंगची गरजच पडली नाही. खड्ड्यावर चाक वरखाली होतं, बॉडी स्थिर राहते. आणि वळणात टायरची पकड किती शिल्लक आहे ते थेट हाताला कळतं. मॅक्लारेन एफ-वन या सुपरकारला एलानसारखं स्टिअरिंग देता आलं नाही, ही खंत खुद्द तिचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी बोलून दाखवली आहे. १९८९च्या माझदा एमएक्स-५ या छोट्या उघड्या गाडीमागची प्रेरणाही हीच गाडी होती.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची आधीची गाडी एलिट पूर्ण फायबरग्लासची, चासीशिवायची (खाली वेगळा धातूचा सांगाडा नसलेली) होती. दिसायला अप्रतिम, पण बनवायला महाग, आणि कंपनीला तिच्यात तोटाच झाला. १९६२च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात आलेल्या एलानचं डिझाइन रॉन हिकमन यांचं. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे नुसत्या फायबरला पुरेशी ताकद देणं अवघड. सस्पेन्शनची चाचणी घेण्यापुरता म्हणून पातळ पत्र्याचा एक पोकळ कणा बनवला गेला, दोन्ही टोकांना बेचकीसारखा फाकलेला. तो इतका ताठ निघाला की तोच चासी झाला. पुढच्या बेचक्यात इंजिन, मागच्या बेचक्यात डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर. वजन साधारण ३५ किलो! इंजिनाचा ब्लॉक फोर्डचा, त्यावर इंजिन डिझायनर हॅरी मंडी यांचं दोन कॅमशाफ्टचं अॅल्युमिनियम हेड. अगदी पहिल्या थोड्या गाड्या १४९८ सीसीच्या, नंतर १५५८. बरेच भाग ट्रायम्फ हेराल्डसारख्या साध्या गाड्यांचे. विक्रीकर वाचावा म्हणून अनेक गाड्या सुट्या भागांच्या संचात विकल्या गेल्या. कोणी कशी जोडली यावर आजही फरक पडतो.

आता तपासणी. एलानमध्ये एकेका भागाकडून दोन-दोन कामं करून घेतली आहेत. वजन त्यामुळे वाचलं, आणि दुखणीही तिथलीच.

सुरुवात चासीपासून करा. हेडलाइट वर उचलायला इंजिनाचं व्हॅक्युम (हवा ओढून घेण्याचा जोर) वापरलंय, आणि ते साठवायला वेगळी टाकी न लावता चासीचा पुढचा आडवा भागच टाकी केला आहे. तिथे आतून गंज धरतो. म्हणून सुरुवातीच्या मॉडेलमध्ये इंजिन चालू असताना दिवे हळूहळू खाली बसत असतील तर नुसते रबरी पाइप बदलून गप्प बसू नका. पत्राच खाल्लेला असू शकतो. पुढच्या सस्पेन्शनचे खांब आणि मागच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडणीच्या) जागाही टॉर्च लावून बघा. ठिगळ लावलेल्या चासीपेक्षा गॅल्व्हनाइज केलेली नवी चासी कधीही बरी. मात्र ती बसवायला बॉडी पूर्ण उतरवावी लागते, तो खर्च धरून भाव करा.

वॉटर पंपाचं बेअरिंग आणि सील टायमिंग कव्हरच्या ओतकामातच बसवलंय. साध्या गळतीसाठी हेड आणि खालचं ऑइल चेंबर, दोन्ही काढावं लागतं. फॅन बेल्ट जास्त ताणला की हे बेअरिंग लवकर जातं, आणि चार्जिंग कमी वाटलं की बेल्ट ताणायची सवय मेकॅनिकांना असते. इंजिन बंद ठेवून पंपाची पुली हाताने हलवा. ती सैल, हलती लागली तर मोठं काम समोर आहे. इंजिन उघडलंच तर बाहेरून बदलता येणारा कॅसेट प्रकारचा पंप बसवून घ्या.

मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दोन्ही दांड्यांना, म्हणजे हाफशाफ्टना, मिळून चार रबरी कपलिंग (लवचिक सांधे) असतात. क्लच सोडताना गाडी उसळ्या मारते ती त्यांच्यामुळेच, तेवढा दोष मूळचाच. पण रबराला भेगा दिसल्या तर गाडी चालवू नका: कपलिंग तुटलं की सुटलेला शाफ्ट गरगर फिरत आजूबाजूचं सगळं तोडतो. नव्या कपलिंगभोवती पोलादी पट्टी असते. सगळे बोल्ट बसल्यावरच ती कापायची, नाहीतर भोकं जुळत नाहीत. रबरी कपलिंगऐवजी सीव्ही जॉइंट (धातूचे सांधे) लावलेली गाडी मिळाली तर मी ती नाकारणार नाही.

वेबर बनावटीचे कार्ब्युरेटर असतील तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, बरोबर त्यांच्या खाली येतो. पेट्रोल ठिबकलं की आगीचा धोका. पेट्रोलचे पाइप जुने दिसले तर घरी नेण्याआधीच बदला.

फायबरची बॉडी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वायर वेगळी. दिवे मंद असतील तर आधी ती साफ करा. रंगावर चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर नुसत्या रंगाने त्या जात नाहीत, पुन्हा वर येतात.

मॉडेलचं म्हणाल तर १९७१ ते ७३ची स्प्रिंट १२६ अश्वशक्तीची, तिची कपलिंगही जास्त मजबूत, म्हणून सगळे तिच्याच मागे. माझ्या मते चासी बदललेली, पावत्या जपलेली एस-३ किंवा एस-४ (एलानची तिसरी किंवा चौथी आवृत्ती) घ्या. स्टिअरिंगची मजा तिच्यातही तेवढीच आहे, आणि उरलेले पैसे इंजिनाला लागतील.