मुंबई उपनगरात दोन वीज कंपन्या असताना बिल कमी का होत नाही? कंपनी बदलावी का?

तुम्ही अंधेरीत भाड्याने राहता, समोरच्या दाराला टाटाचं बिल येतं, तुम्हाला अदानीचं, आणि कंपनी बदलली तर पैसे वाचतील का, असं विचारलंय. वाचू शकतात. पण शेजाऱ्याचं बिल बघून ठरवू नका, त्याचे युनिट वेगळे आणि तुमचे वेगळे.

आधी बदलतं काय ते बघा. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत घरोघरी वीज विकायचा हक्क आहे असं सांगितलं. 2009 मध्ये वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली: वीज टाटाची, तारा तेव्हाच्या रिलायन्सच्या. रिलायन्सचा तो कारभार 2018 मध्ये अदानीकडे गेला. आमच्या गोरेगावच्या इमारतीत दोन्ही कंपन्यांचे मीटर एकाच फळीवर शेजारी शेजारी आहेत, खालून येणारी केबल मात्र एकच. तुम्ही बदलता तो फक्त विकणारा. तारा वापरण्याचा वहन आकार भरावाच लागतो, आणि केबल जळाली तर दुरुस्ती तारवाल्याकडेच. त्यामुळे 'सारखे दिवे जातात म्हणून बदलतो' म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. टाटाने स्वतःची केबल टाकलेली असेल तिथे गोष्ट वेगळी.

आणि 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई बंद पडली तेव्हा बेस्ट, टाटा, अदानी सगळेच अंधारात होते. बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्याच गेल्या, तिथे विकणारा काय करणार?

दर कंपन्या आपापसात चढाओढ करून ठरवत नाहीत, आयोग ठरवतो, आणि तोही स्लॅबप्रमाणे: 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. एका स्लॅबमध्ये स्वस्त असलेली कंपनी दुसऱ्यात महाग असू शकते. म्हणून वर्षभराची बिलं काढा, एसी चालणारा मे आणि पंखाही न लागणारा जानेवारी दोन्ही धरा, आणि तुमचे युनिट दोन्ही कंपन्यांच्या चालू दरपत्रकात घालून बघा. नुसता वीज आकार नको. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा आकार) हे सगळं मिळवा. त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क कुठेही गेलात तरी सुटत नाही.

एका गोष्टीवरून लोक फार चिडतात, तो क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे कंपनी बदलणाऱ्या गिऱ्हाइकाकडून घेतला जाणारा जादा आकार. मला तो पटतो. जास्त वीज वापरणारे चढा दर भरतात, म्हणून चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या 100 युनिटच्या घराला कमी दर परवडतो. मोठी गिऱ्हाइकं निघून गेली की तो भार मागे राहिलेल्या छोट्यांवर पडतो. स्पर्धा हवीच, पण तिचा खर्च त्या घरांनी का सोसावा?

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टच्या तारांवरून हा पर्याय मिळत नाही, कारण वीज कायद्याच्या कलम 42 मध्ये स्थानिक संस्थेला, इथे महापालिकेच्या बेस्टला, आपल्या तारा दुसऱ्या कंपनीला वापरू देण्यातून सूट आहे. भांडुप-मुलुंडला महावितरण. तुम्ही अंधेरीत, म्हणजे दार उघडं आहे.

फक्त भाडेकरू आहात, तर मीटर कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. बहुतेक घरमालकाच्या असेल, मग अर्जावर त्यांची सही लागेल. जुनी थकबाकी असेल तर ती कोण भरणार हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या, ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.