विमानांच्या शर्यतीत प्रेक्षकानेही धोका पत्करलेला असतो का?

थोडाफार, हो. पण कोणता धोका? १६ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेत रीनोच्या शर्यतीत वैमानिक जिमी लीवर्ड यांचं पी-५१ मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान प्रेक्षकांच्या खुर्च्यांजवळच कोसळलं. त्यांच्यासह ११ जण गेले, साठहून अधिक जखमी. चौकशीत सापडलं काय, तर झिजलेले लॉकनट, म्हणजे स्क्रू घट्ट धरून ठेवणारे नट! त्यामुळे स्क्रू सैल पडले आणि शेपटीवरची ट्रिम टॅब, म्हणजे विमानाचा तोल साधणारी छोटी हलती पट्टी, फडफडून तुटली. शिवाय विमानात केलेले मोठे बदल नीट तपासलेलेच नव्हते.

वैमानिक ही जोखीम जाणून उडतो. तिकीट काढून बसलेल्याला नट कुठून दिसणार? तिकिटामागच्या बारीक अक्षरांनी आयोजकांची जबाबदारी संपते, हे मला तरी पटत नाही. जायचंच असेल तर मागची जागा घ्या. पण ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या विमानापुढे चार रांगांचा फरक तो काय!