वाचकांचे प्रश्न : विचारणाऱ्याला उत्तर हवे असते की होकार?

प्रश्न : मी कृषी पदविकाधारक असून चोपडा तालुक्यात बरीच वर्षे केळी करतो. परिसरातील केळी उत्पादकांच्या मोबाइलवरील गटात रोज प्रश्न येतात व मी जमेल तशी उत्तरे देतो. गेल्या पावसाळ्यात एका शेतकरी बांधवाने मृगबागेतील (जून-जुलैत लावलेल्या केळीतील) पिवळ्या पट्ट्यांच्या पानांची छायाचित्रे टाकून ‘कोणते औषध मारू?’ असे विचारले. लक्षणे हरण्या रोगाची, म्हणजे सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूची), स्पष्ट दिसत होती. ‘औषध नाही, झाडे उपटून नष्ट करा,’ असे मी लिहिले. ते त्यांना रुचले नाही. थोड्या वेळाने कोणी तरी एका फवारणीचे नाव सुचवले, त्याचे आभार मानले गेले आणि विषय संपला. असे वारंवार घडते. लोकांना खरोखर शिकायचे असते की केवळ होकार हवा असतो? मी उत्तरे देणे थांबवावे का?
– एक केळी उत्पादक, जि. जळगाव

उत्तर : आपण दिलेला सल्ला शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता, हे आधी नोंदवतो. हा रोग विषाणूमुळे होतो आणि एकदा झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही फवारणीने बाहेर काढता येत नाही. तो पसरवणारा मावा (रस शोषणारी बारीक कीड) रोगट झाडात सोंड खुपसताच थोड्याच वेळात विषाणू उचलतो आणि तितक्याच लवकर तो पुढच्या झाडाला देतो. त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरण्यापूर्वीच बहुधा त्याचे काम झालेले असते. काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची आणि बांधावरची तणे धरून हजाराहून अधिक वनस्पतींवर हा विषाणू राहू शकतो. म्हणूनच रोगट झाड उपटणे, बाग तणमुक्त ठेवणे आणि अशी आंतरपिके टाळणे हाच मार्ग उरतो.

आता त्या बांधवाचा प्रश्न पुन्हा वाचून पाहावा. ‘झाडाला काय झाले आहे?’ किंवा ‘आता काय करू?’ असे त्यांनी विचारलेले नाही. ‘कोणते औषध मारू?’ असे विचारले आहे. म्हणजे औषध मारायचे हा निर्णय प्रश्नाच्या आधीच झालेला होता आणि आपल्याकडे फक्त नाव मागितले होते. आपण नाव न देता तो निर्णयच मोडीत काढलात, तर दुसऱ्याने नाव दिले. प्रश्नाच्या शब्दांपुरते पाहिले तर उत्तर त्या दुसऱ्यानेच दिले, मग ते कितीही चुकीचे का असेना.

आपल्या भाषेत अशा प्रश्नांची खूण ऐकूही येते. ‘मे महिन्यात कपाशी लावावी का?’ आणि ‘मे महिन्यात कपाशी लावली तर चालेल ना?’ या दोन वाक्यांत फरक आहे तो एका ‘ना’चा. अहिराणीत बोलणारा माणूस ‘बराबर शे ना, भाऊ?’ म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचे बियाणे घरी येऊन पडलेले असते. गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तुटावे म्हणून जूनपूर्वी कपाशी लावू नये, असे कृषी विभाग सांगतो; जमिनीतल्या कोषांतून लवकर बाहेर पडलेल्या पतंगांना पाते-फुलेच मिळाली नाहीत, तर त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही, हे त्यामागचे कारण. हे कारण त्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक असते. विहिरीला पाणी आहे, ठिबक अंथरले आहे, शेजाऱ्याने लावणी उरकली आहे, आणि मनात धाकधूक आहे. त्या धाकधुकीवर त्याला कोणाचा तरी हात हवा असतो.

तरीही ‘शिकायचे आहे की होकार हवा आहे’ अशी सरळ वाटणी मला मान्य नाही, कारण मनापासून शिकू पाहणारा माणूसदेखील होकार मिळेल असेच प्रश्न विचारतो. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासंबंधी फार बोलका आहे. त्यांनी २९ विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि ते एका नियमात बसतात, तो नियम शोधून काढा, असे सांगितले. विद्यार्थ्याने आपल्या मनाने तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही, एवढेच त्याला सांगितले जायचे. अनेकांनी दोन-दोनने वाढणारे आकडे असा नियम मनाशी धरला, ८, १०, १२ यांसारखे आकडे विचारले, प्रत्येक वेळी ‘हो’ ऐकले आणि खात्रीने चुकीचा नियम जाहीर केला. खरा नियम केवळ चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे, इतका साधा होता. पहिल्याच घोषणेत तो बरोबर सांगणारे २९ पैकी फक्त ६ निघाले. येथे कोणाचे बियाणे विकत घेतलेले नव्हते, कोणावर पीककर्ज नव्हते, आणि उत्तर शोधण्याची इच्छाही खरी होती. तरी आपली समजूत खोटी ठरवू शकेल असा आकडा विचारावा, हे बहुतेकांना वेळेवर सुचले नाही. मग ज्याचा वर्षभराचा पैसा जमिनीत आहे, त्याच्याकडून ती अपेक्षा किती धरावी?

माझ्या मते खरा फरक वेळेचा आहे. खड्डे घेण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला बहुधा उत्तर हवे असते, आणि रोपे लागल्यानंतर विचारलेल्याला धीर. आपल्याला आलेला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता आणि आपण त्याला पहिल्या प्रकारचे उत्तर दिले. ‘झाडे उपटा’ हे दोन शब्द खरे असले, तरी ज्याने ती झाडे रोप आणून, पाणी देऊन वाढवली, त्याला ते शिक्षेसारखे ऐकू येतात. त्याऐवजी आधी विचारता आले असते की एकूण झाडे किती, त्यांपैकी पट्टे किती झाडांवर, लागवड कधीची. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. त्यांतली ४० रोगट असली, तर शंभरात दोन-सव्वादोन झाडे गेली. उरलेली वाचवण्यासाठी ती काढायची आहेत आणि लागवड कोवळी असेल तर नांग्या भरता येतील, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपे लावता येतील. असे आकडे समोर मांडले, तर तोच माणूस कदाचित कुदळ उचलतो. धीर द्यावा, मात्र धीरासाठी खोटे औषध सांगू नये. या दोन गोष्टी एकाच उत्तरात बसू शकतात, असा माझा ठाम विश्वास आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, त्याबद्दल राग नसावा. ‘लोकांना केवळ होकार हवा असतो का?’ हा आपला प्रश्नही होकाराच्या वाटेवरचाच आहे. आपले आभार मानले गेले नाहीत, याची सल पत्रात जाणवते आणि ती स्वाभाविक आहे. फुकट वेळ देणाऱ्याला एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे. पण विचारणाऱ्याची मान्यता हीच उत्तराची कसोटी मानली, तर हळूहळू आपणही औषधांची नावे सांगू लागाल.

म्हणून थांबू नये. प्रश्न एकाने विचारला, तरी तो गटातल्या सर्वांसमोर असतो, आणि ज्याच्या बागेत अजून एकही पट्टा दिसलेला नाही, असा शेजारच्या शिवारातला माणूस तो गुपचूप वाचत असतो. त्याचा निर्णय व्हायचा आहे. तो आभार मानणार नाही, पण पुढच्या जूनमध्ये केळीत काकडी लावणार नाही. थांबायचे कोठे, याचे मोजमाप न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, फार पूर्वी सांगून ठेवले आहे : सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. आपण कारणासह एकदा उत्तर द्यावे, शंका आली तर दुसऱ्यांदा खुलासा करावा, आणि बोलणे जल्पाकडे वळले की तेथे आपले लिहिणे संपवावे.

प्रश्न : माझ्या मुलीने दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी, असे मला वाटते. मी जवळपास दहा जणांना फोनवरून विचारले, सर्वांनी ‘अवश्य घ्या’ म्हटले, तरी मनाचे समाधान होत नाही. मी खरोखर विचारत आहे की नाही, हे मी कसे ओळखावे?
– एक माता, धुळे

उत्तर : दहा जणांपैकी एकानेही अडचण सांगितली नाही, यावरून बहुधा आपले मत त्यांना प्रश्नातूनच कळले असावे, असे वाटते. विज्ञान शाखा घेऊन वर्षभरात सोडलेली एखादी मुलगी, दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेला गेलेला एखादा मुलगा आणि अकरावीला शिकवणारे एखादे शिक्षक, अशा तिघांना गाठावे. ‘विज्ञानच बरे ना?’ असे न विचारता ‘विज्ञान घेऊ नये यासाठी तुमच्या मते सर्वांत मोठे कारण कोणते?’ असे विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. ते ऐकूनही आपले मत टिकले, तर ते अधिक भक्कम झालेले असेल. आपल्या पत्रात दहा जणांची मते आहेत, पण मुलीचे नाही. तिला यांपैकी कोणाचेही मत सांगण्यापूर्वी विचारावे.