गर्भपिशवी आणि ऊसतोडीचा हिशेब

प्रश्न : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रिया कमी वयात गर्भपिशवी काढून घेतात, याविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले गेले. आमच्या भागातील अनेक जणी मात्र ‘मीच डॉक्टरांना पिशवी काढायला सांगितली’ असे म्हणतात. मग हा अज्ञानाचा प्रश्न मानून प्रबोधनावर भर देणे योग्य नव्हे काय?
– एक शिक्षिका, केज

उत्तर : त्या स्त्रिया खोटे सांगत नाहीत. निर्णय त्यांचाच असतो; परंतु तो कोणत्या हिशेबातून निघतो, हे पाहिल्याशिवाय त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी अज्ञान नेमके एकाच व्यवसायात एवढे साचावे, हे पटण्यासारखे नाही.

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजला जात नाही; नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा कंत्राटदार, हंगामाआधीच उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती फेडायची कामातून, आणि एकाचा खाडा पडला तरी दंड दोघांच्या नावावर चढतो. पहाटेपासून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे, आणि फडाजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस, अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटातील दुखणे हा आजार राहत नाही, तो कर्जात भर घालणारा खर्च होतो. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे आणि पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकलेली असली, की ‘आता पिशवीचा उपयोग काय’ हा विचार घरातूनच पुढे येतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारी माणसाच्या सामाजिक भूमिकेची मांडणी केली. आजाऱ्याला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते आणि त्या बदल्यात त्याने उपचार घेऊन बरे होण्याचा प्रयत्न करायचा असतो, असा तिचा गाभा आहे. (ही मांडणी पगारी रजा मिळणाऱ्या माणसालाच शोभते, हा तिच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो.) फडात सूट मिळतच नाही, उपचाराची अपेक्षा तेवढी उरते. मग जो उपचार पुन्हा कधीच सुट्टी मागायला लावणार नाही, तोच शहाणपणाचा वाटू लागतो.

यात डॉक्टरांचा वाटा लहान नाही. गर्भाशय काढणे काही रुग्णांना खरोखर आवश्यक असते. परंतु औषधांनी आटोक्यात येणाऱ्या जंतुसंसर्गावर कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली जाते, तेव्हा तिला सल्ला म्हणणे कठीण आहे. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सोनोग्राफी उपलब्ध नसली, की खासगी रुग्णालय गाठावे लागते, त्याचा खर्च बहुधा पुन्हा उचलीतूनच भागतो आणि सुटकेसाठी केलेली शस्त्रक्रिया पुढचा हंगाम बांधून टाकते. बीजकोशही काढले असतील, तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि मोळी मात्र तेवढीच जड राहते.

पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. पाऊल आवश्यक होते, पण ते साखळीच्या शेवटच्या कडीवर पडले. प्रबोधन जरूर करावे, मात्र मुकादम आणि कारखान्यांचे आधी करावे : स्त्रीची मजुरी तिच्या नावावर वेगळी नोंदवावी, आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांना खाडा लावू नये, तळावर संडास-पाणी द्यावे आणि हंगामात स्त्री-डॉक्टरची फेरी फडापर्यंत न्यावी.