होणारा नवरा अँग्लिकन परंपरेतला (सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मी कॅथलिक. ठाण्यात चर्चमध्ये लग्न करायचंय, तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करावा लागेल का?

नाही. पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. लागते ती बिशपची परवानगी. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये असो वा तुमच्या पॅरिशमध्ये (तुमच्या भागातल्या चर्चमध्ये), फादरना आधीच भेटा. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन, असं वचन तुम्ही द्यायचं, नवऱ्याने नाही. सासरी हे आधीच सांगा, वाद इथेच होतात.

खरी अडचण कम्युनियनची (मिस्सा या उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीची). नवरा कॅथलिक चर्चशी पूर्ण ऐक्यात नाही, त्यामुळे मिस्साला ते सोबत बसतील, पण कम्युनियन सहसा मिळणार नाही. सीएनआयकडे तुलनेने मोकळीक असते.